सतरंजी आणि वेदी

२०१७ सालच्या ४ जूनचा रविवार. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. मृग अजून तीन-चार दिवस दूर होता आणि लाखनीचे ऊन कौलांतून खाली झिरपत होते. अर्पणवचने उच्चारून मी पवित्र भाकर उंचावली, ती खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे गुडघा टेकला. टेकला तो टेकलाच. कमरेतून एक कळ अशी निघाली की वेदीची कडा धरूनही मला उठता येईना. समोर बसलेल्या भाविकांना वाटले, फादर आज विशेष भक्तीत आहेत. शेवटी वेदीसेवक मुलाने, वय वर्षे बारा, माझ्या काखेत हात घालून मला उभे केले. त्या सणाला मी प्रवचन कशावर दिले होते हे आज आठवत नाही. त्या मुलाचा हात मात्र आठवतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र दिव्यासमोर धरून सांगितले की कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली आहे. कारण शोधायला दूर जावे लागले नाही. आमचा धर्मग्राम कुटुंबांनी लहान आणि अंतरांनी मोठा. मुंबई-कोलकाता महामार्गावर भंडारा आणि साकोली यांच्या मधोमध लाखनी. पण भाविक महामार्गावर थोडेच राहतात! कोणी तलावाच्या पाळीजवळ, कोणी धानाच्या बांध्यांपलीकडे. वीस वर्षे मोटारसायकलवर, खड्ड्याखड्ड्यांतून, पाठीचा कणा मी एखाद्या भाड्याच्या वस्तूसारखा वापरला होता. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि मोटारसायकल सोडा म्हणाले. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

चर्चच्या कुंपणावरून रोज पहाटे एक निवृत्त शिक्षक फिरायला जात. सारे गाव त्यांना सर म्हणते. पट्टा बांधून वाकड्या चालीने फाटक उघडणाऱ्या मला पाहून एके दिवशी ते थांबले. "फादर, कणा म्हणजे सायकलची साखळी नव्हे, तेल घातलं की झालं," एवढेच बोलून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना थांबवले. तेव्हा कळले की तरुणपणी नागपूरच्या रामनगरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळात ते शिकले होते. विदर्भात घरोघरी आसने पोहोचवण्याचे जे काम त्या संन्यस्त माणसाने केले, त्याची रीत अशी की शिकवायचे ते विनामूल्य. सरांनीही माझ्यासमोर पैशाचा विषय येऊ दिला नाही. त्यांची अट एकच: "जमेल तेवढं, पण रोज."

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच करायला लावले नाही. सतरंजीवर उताणे निजवले आणि म्हणाले, "आता पाच मिनिटं पडून राहा. हे शवासन." मला हसू आले. पाच मिनिटे पडून राहण्यासाठी गुरू कशाला? परंतु एका मिनिटात शाळेच्या गळक्या छपराचा हिशेब सुरू झाला, दुसऱ्या मिनिटाला कोणाचा तरी अपमान आठवला, तिसऱ्या मिनिटाला मी डोळे उघडून घड्याळ पाहिले. आणि त्याच क्षणी एक गोष्ट ध्यानात आली, जी कबूल करायला धर्मगुरूला लाज वाटावी. पवित्र साक्रामेंतासमोरही माझे वर्षानुवर्षे हेच चालले होते. प्रहर-प्रार्थना मी मोटारसायकलच्याच गतीने म्हणत होतो. ओठ प्रभूजवळ, शरीर बाकावर आणि मन महामार्गावर.

सेमिनरीत आम्हांला शरीराविषयी फारसे सांगितले गेले नाही. जे सांगितले गेले ते सावधगिरीचे होते. असिसीकर संत फ्रान्सिस आपल्या देहाला गाढव-बंधू म्हणत, ही गोष्ट आम्हांला आवडायची. मात्र अखेरच्या दिवसांत त्याच फ्रान्सिसने, या बंधूवर आपण फार अन्याय केला, अशी कबुली दिली, हा भाग बराच पुढे माझ्या वाचनात आला. योगाविषयी तर आम्हा तरुण ब्रदरांत दोन तट असत. ग्रंथालयात बेल्जियमचे बेनेडिक्टाइन संन्यासी फादर देशाने यांचे 'ख्रिश्चन योग' हे पुस्तक होते. मूळ फ्रेंच पुस्तक १९५६ सालचे, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्याही आधीचे. येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांचे १९७८ सालचे 'साधना' तर हातोहात फिरे. लोणावळ्याला त्यांच्या संस्थेत जाऊन आलेले फादर जणू वेगळ्याच शांतीत वावरताना दिसत, आणि आम्हांला त्यांचा हेवा वाटे. दुसऱ्या तटाच्या हाती १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, आविलाच्या संत तेरेजाच्या सणादिवशी, रोमहून निघालेले पत्र होते. कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीचे ते पत्र ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेविषयी आहे. शरीराला मिळालेली स्वस्थता म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन, अशी गल्लत करू नका, असा त्याचा रोख. पुढे १९९८ साली डिमेलोंच्या लिखाणाविषयीही रोमने सावधगिरीची सूचना काढली. मी तेव्हा दोन्ही तटांपासून दूर राहिलो. त्यात विवेक थोडा आणि आळस अधिक होता.

कंबर दुखल्यावर मात्र ते पत्र मी पुन्हा काढले आणि शेवटपर्यंत वाचले. सेमिनरीतील आमच्या वादात दोघांनीही ते शेवटपर्यंत वाचले नसावे. कारण त्याच पत्राच्या उत्तरार्धात म्हटले आहे की पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरांतील आणि इतर थोर धर्मांतील ध्यानपद्धती आजच्या धावपळीत गांजलेल्या माणसाला अंतरीच्या शांतीने देवासमोर उभे राहण्यास साहाय्यक ठरू शकतात. दार बंद केलेले नाही; उंबरठा दाखवला आहे.

सर अभ्यासाला ॐकाराने आरंभ करीत. मी गप्प बसे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले. मी सांगितले की माझ्या तोंडी तो उच्चार उसना होईल, आणि उसनी प्रार्थना तुमचाही अपमान करील. ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुम्ही तुमच्या देवाला नमस्कार करा, मी माझ्या करतो. गुडघा दोघांचाही सारखाच दुखतो." त्या दिवसापासून ते ॐ म्हणत, मी मनात पवित्र त्रैक्याचे स्मरण करी, आणि मग आम्ही दोघे एकाच सतरंजीच्या दोन टोकांना भुजंगासन करीत असू.

वर्षभरात पट्टा सुटला. आसनांच्या जोडीला मी वाचू लागलो आणि काही आश्चर्ये हाती आली. पतंजलीच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनांवर आहेत ती अवघी तीन! आसन म्हणजे स्थिर आणि सुखाची बैठक, इतकेच तो सांगतो. त्याआधी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह यांची पायरी आहे, आणि ती चढायला कोणी सतरंजी अंथरत नाही. 'योग' परदेशी जाऊन 'योगा' होऊन परतला तेव्हा ही पायरी बहुधा सीमाशुल्काच्या नाक्यावरच राहिली असावी. पण जिथे अंतर आहे तिथे ते आहे, हेही लिहिले पाहिजे. पतंजलीचे अंतिम ध्येय कैवल्य. पुरुष प्रकृतीपासून मोकळा होऊन केवळ स्वतःत राहतो, देह मागे पडतो. आपण तर दर रविवारी श्रद्धाज्ञापनात देहाच्या पुनरुत्थानाची आशा उच्चारतो. म्हणजे ज्यांना देह मागे टाकायचा होता त्यांनी देहाचा एवढा सूक्ष्म अभ्यास केला, आणि देह पुन्हा उठेल असे मानणाऱ्या मी त्याच्याकडे कंबर मोडेपर्यंत पाहिलेही नाही!

दुसरे आश्चर्य घरातच सापडले. संत डोमिनिक यांच्या प्रार्थनेच्या नऊ रीतींचे वर्णन करणारे तेराव्या शतकातले एक लेखन आहे. वाकून, साष्टांग पडून, उभे राहून, हात क्रुसासारखे पसरून, बाणासारखे वर ताणून. साराच देह प्रार्थना करतो. संत इग्नेशियस 'आध्यात्मिक साधने'त सांगतात की ध्यानाला कधी गुडघ्यांवर, कधी पालथे, कधी उताणे, कधी बसून, कधी उभ्याने जा, आणि ज्या स्थितीत हवे ते गवसले तिथेच थांबा, बदलण्याची घाई करू नका. उताणे! म्हणजे सरांनी पहिल्या दिवशी मला जे करायला लावले ते लोयोलाच्या संताने स्पेनमध्ये सोळाव्या शतकातच मान्य करून ठेवले होते. त्याच ग्रंथात प्रार्थनेची आणखी एक रीत आहे: एका श्वासाला प्रभूच्या प्रार्थनेतला एकच शब्द घ्यायचा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाच्या अर्थाशी थांबायचे. सेमिनरीत हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते.

२०१८ च्या जानेवारीपासून चर्चच्या आवारातील सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी वर्ग सुरू केला. येथून माझ्या चुका सुरू होतात.

पहिले पाच-सहा जण शिक्षक, एक परिचारिका, एक दुकानदार असे होते. बसून काम करणारे, पोटे सुटलेले. त्यांना पुढे वाकणे हितकर होते. मला वाटले, शिकवणे आपल्याला साधले. पावसाळ्यात काही बायका येऊ लागल्या, ख्रिस्ती दोन-तीन, बाकीच्या शेजारच्या. दिवस रोवणीचे. ज्यांनी भंडाऱ्याची रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चिखल केलेल्या बांधीत घोट्याच्या वर पाण्यात उभे राहून, कमरेत दुमडून, हातातल्या पेंडीतले पऱ्हे दोन-चार काड्यांनी चिखलात खोवत मागे मागे सरकायचे, सकाळपासून सूर्य कलेपर्यंत. एका शुक्रवारी मी त्या बायकांना पश्चिमोत्तानासन करायला लावले. पाय लांब करून पुढे वाका, कपाळ गुडघ्याला लागले पाहिजे. चाळिशीच्या एका बाईचे कपाळ लागेना, मी म्हणालो, "थोडे आणखी." तिने आज्ञाधारकपणे आणखी वाकवले.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही, आणि पुढे चार दिवस नाही. ऐन रोवणीत चार दिवसांची मजुरी बुडाली. मी तिच्या घरी गेलो. खिशात पैसे होते. ते काढायला हात धजेना, तरी काढले. तिने ते पाहिले आणि म्हणाली, "पैसे घेऊन का करू, फादर? रोवन्याचे दिवस गेले ते गेले." थोड्या वेळाने, रागाने नव्हे, नुसती माहिती द्यावी तशी ती बोलली, "आमी त दिवसभर वाकूनच रायतो. तुमी संध्याकाळी आनखी वाकवलं."

सरांना मी हे सांगितले तेव्हा ते माझ्यावर प्रथमच रागावले. "तुम्ही पुस्तक शिकवलंत. बाई पाहिली नाहीत." मी दोन आठवडे वर्ग बंद ठेवला. मनात आले, हा माझा प्रांतच नव्हे. धर्मगुरूने मिस्सा करावी, आजाऱ्यांना भेटावे. पण ज्या दिवशी ती बाई बरी झाली त्याच शुक्रवारी ती सभागृहाच्या पायरीवर येऊन बसली. आत आल्यावर मी तिला आणि तिच्या सोबतिणींना काहीच करायला लावले नाही. उताणे निजवले आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायला सांगितल्या, जेणेकरून कंबर जमिनीला टेकावी. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला. पाच मिनिटांत दोघीजणी घोरू लागल्या. मला जी गोष्ट शिकायला महिने लागले होते ती त्यांना मुळात शिकवायची नव्हतीच. त्यांना फक्त निजायला जागा आणि परवानगी हवी होती. तेव्हापासून रोवणीत आणि कापणीत वर्ग असाच चालतो. मुंबईच्या धर्मप्रांतातील फादर जो परेरा यांनी पुण्याच्या योगाचार्य अय्यंगारांकडे शिकून, १९८१ पासून आपल्या 'कृपा' संस्थेत व्यसनांत अडकलेल्यांसाठी आसने वापरली, आणि २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अय्यंगारांच्या पद्धतीत खुर्ची, दोर, उशी, लाकडी ठोकळा यांचा आधार का घेतात, हे मला त्या दिवशी कळले. देहाला आसनाच्या मापाने कापायचे नाही, आसन देहाच्या मापाने बेतायचे.

दुसरी चूक अधिक खोल होती आणि ती कमरेची नव्हती.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध धर्मशिक्षक होते. रस्ते नव्हते तेव्हा त्यांनी पायी फिरून मुलांना प्रार्थना शिकवल्या. सारे त्यांना बाबा म्हणत, मीही. एका रविवारी मिस्सेनंतर ते सर्वांसमोर उभे राहिले. "फादर, या हॉलच्या विटा आम्ही डोक्यावर वाहिल्या. आमच्या बापाने जे सोडलं आणि त्यासाठी जातभाईंचा मार खाल्ला, ते या हॉलमध्ये परत आणायला नाही वाहिल्या." त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर केरळची बातमी आली होती: सिरो-मलबार चर्चच्या सिद्धांतविषयक आयोगाने २०१८ साली, योग आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र नांदू शकत नाहीत, असा निष्कर्ष दिला होता. मी घाईघाईने १९८९ च्या पत्राची प्रत आणून तो परिच्छेद दाखवू लागलो. बाबांनी कागद हातातही घेतला नाही. "पत्र तुम्हांला वाचता येतं, फादर. आमची पोरं पत्र नाही वाचत, तुम्हांला पाहतात."

रात्रभर मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो, आणि बहुतेक वेळा हरलो. माझ्या दृष्टीने योग हा ग्रंथालयातला एक विषय होता; एक वारसा, ज्याकडे मी कुतूहलाने परत जाऊ शकत होतो, कारण त्याने मला कधी दुखावले नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो एका घराचा दरवाजा होता, जिथून त्यांचे वडील बाहेर काढले गेले होते. परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र ते नाकारू नये असे शिकवले, हे खरेच. परंतु ती शिकवण अंगवळणी पडायची तर जखमा कुठे आहेत हेही पाहावे लागते. मी बाईची कंबर पाहिली नव्हती तशीच बाबांची पाठही पाहिली नव्हती.

कोणीतरी वरिष्ठांकडेही लिहिले. खुलासा मागवला गेला, मी तो दिला; त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. गंमत अशी की त्याच सुमारास बाजारात एका सद्गृहस्थाने मला विचारले, "फादर, हा धर्मांतराचा नवा प्रकार का?" म्हणजे एकाच सतरंजीवर बाबांना देऊळ दिसत होते आणि त्या गृहस्थांना चर्च! सरांना सांगितले तेव्हा ते इतके हसले की त्या दिवशीचा प्राणायाम राहिला.

बाबांच्या बोलण्याने मी वर्ग बंद केला नाही, पण बदलला. मंत्र नाहीत, सूर्यनमस्कार नाहीत, भिंतीवर तसबीर नाही. वर्गाला मी प्रार्थना म्हणत नाही आणि मिस्सेत आसनांचे नाव काढत नाही. सतरंजी सभागृहात, वेदी चर्चमध्ये. ज्याला एकीकडून दुसरीकडे जायचे त्याने मधले अंगण चालावे. २१ जूनला तालुक्याच्या मैदानावरचे निमंत्रण येते. मी जातो आणि मागच्या रांगेत उभा राहतो. २०१५ साली पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस नेमका रविवारी आला, तेव्हा ईशान्येकडील चर्चांनी नाराजी नोंदवली होती. ती मला समजते. माझ्यापुरती त्या तारखेची एक आठवण आणखी आहे. तो संत अलोयशस गोन्झागा यांचा दिवस. रोममध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तो तरुण येशूसंघीय स्वतः आजारी पडला आणि १५९१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी गेला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने बाबांना गाठले. ते वाचले, फुप्फुसे मात्र पूर्वीची राहिली नाहीत. घरात प्राणवायूचे नळकांडे आले. वर्गाविषयी आमच्यात त्यानंतर कधीच बोलणे झाले नाही. मी दर शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाई, ते घेत, डोळे मिटत. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांची धाप वाढली. एका रात्री मुलगा बोलवायला आला. मी आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार दिला. बाबांना झोप येत नव्हती. श्वास अर्ध्यावर तुटे आणि तुटला की डोळ्यांत भीती उतरे. भ्यालेला माणूस श्वास आणखी ओढतो आणि ओढल्याने तो आणखी तुटतो, हे सतरंजीवर मी पुष्कळदा पाहिले होते. मी त्यांच्या पाठीशी दोन उशा लावल्या, हात पोटावर ठेवला आणि म्हणालो, "बाबा, आपण प्रभूची प्रार्थना म्हणू. पण सावकाश. श्वास सोडताना एकच शब्द. मग थांबायचं. घाई नाही."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे रोखून पाहिले. "फादर, हा तुमचा योग तर नाही ना?"

"नाही, बाबा. हे संत इग्नेशियस यांचं आहे."

"मग ठीक," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले.

आम्ही सुरू केले. एक शब्द, एक उच्छ्वास. मुलाला ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी तीच प्रार्थना शिकवली होती ते आता माझ्यामागून ती मुलासारखी म्हणत होते. बाहेर बांध्यांमध्ये बेडकांचा गलका होता. रोवणी नुकतीच आटोपली होती. सात-आठ शब्दांनंतर हाताखालचे पोट सैल झाले. 'भाकर' या शब्दापाशी त्यांचा ओठ हलायचा थांबला. मी दचकून वाकून पाहिले, तर त्यांना झोप लागली होती. पुढे क्षमेचे शब्द येतात. ते मी एकट्याने म्हटले, एका श्वासाला एक, आणि दिवा बारीक करून बाहेर आलो.